पित्ताचं डोकं की मायग्रेन?

‘पित्त झालंय, डोकं फुटतंय, एकदा उलटी झाली की सुटेन.’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. मग पित्ताची गोळी, कोकम सरबत, थंड दूध असं सगळं होतं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. महिन्यातून दोनदा असं अंथरूण धरायला लावणारं हे ‘पित्ताचं डोकं’ बहुतेक वेळा मायग्रेन असतं.

साधी डोकेदुखी सगळ्यांना ठाऊक आहे. कपाळाभोवती रुमाल घट्ट आवळल्यासारखं वाटतं, दोन्ही बाजूंना सारखं, मानही आखडलेली. डॉक्टर तिला टेन्शन टाइप म्हणतात. अर्ध्या तासात जाते, कधी आठवडाभर रेंगाळते, पण माणूस कुरकुरत का होईना कामं उरकतो.

मायग्रेन म्हणजे अर्धंच डोकं दुखणार, हा समज ‘अर्धशिशी’ या शब्दाने करून दिलेला. बऱ्याच जणांचं दोन्हीकडे दुखतं, काहींचं मानेपासून सुरू होतं. मानेचं म्हटलं की लगेच ‘स्पॉन्डिलायटिस’चा शिक्का बसतो. ‘खूप दुखलं की मायग्रेन’ हेही खरं नाही. मध्यम दुखणारं मायग्रेनही असतं.

खरा घोळ होतो तो उलटीपाशी. मायग्रेन हा मेंदूचा आजार आहे, पण अटॅक सुरू असताना जठराची हालचाल मंदावते. सकाळी खाल्लेले पोहे दुपारपर्यंत तसेच पोटात राहतात, मळमळतं, तोंडाला पाणी सुटतं. उलटीत आधी अन्न पडतं. पोट रिकामं झाल्यावरही उमासे थांबत नाहीत, तेव्हा लहान आतड्यातलं पित्त वर येतं आणि ते पिवळं, कडू पाणी पाहून घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘बघ, केवढं पित्त पडलं!’ ते पडलं उमाशांमुळे. डोकं त्याच्या कितीतरी आधी दुखायला लागलेलं असतं. त्यातून उलटीनंतर अनेकांचा अटॅक खरंच ओसरतो, मुलांचा तर विशेष. मग पित्ताच्या सिद्धान्तावर शिक्कामोर्तब होतं ते कायमचं.

संकष्टीलाही हेच. चंद्रोदयापर्यंत पोटात काही नसतं, संध्याकाळी कानशील ठणकू लागतं, आणि दोष जातो ‘उपाशीपोटी वाढलेल्या पित्ता’ला. वास्तविक जेवणाची वेळ चुकणं हेच मायग्रेनला पुरतं. कडक ऊन, जागरण, रविवारी उशिरापर्यंत झोपणं, मासिक पाळीचे दिवस, उग्र अत्तर किंवा उदबत्तीचा वास हीही नेहमीची निमित्तं. अटॅकच्या आदल्या दिवशी काहींना जांभया येतात, चिडचिड होते, गोड खावंसं वाटतं. मग श्रीखंड खाल्लं जातं आणि दुसऱ्या दिवशी खापर श्रीखंडावर फुटतं; ती गोडाची इच्छा बऱ्याचदा अटॅकचीच सुरुवात असते.

मग ओळखायचं कसं? जिना चढून बघा, किंवा खाली पडलेलं काही उचलायला वाका. साध्या डोकेदुखीत यानं फरक पडत नाही. उलट चार पावलं चाललं की बरंच वाटतं. मायग्रेनमध्ये प्रत्येक पायरीला ठणका वाढतो. म्हणूनच तो माणूस पडदे ओढून, पंख्याचा आवाजही नको म्हणत निपचित पडून राहतो. स्वतःला तीन प्रश्न विचारा: डोकं दुखताना मळमळतं का? उजेड नकोसा होतो का? गेल्या तीन महिन्यांत त्यापायी एखादा दिवस तरी कामं अडली का? दोनांचं उत्तर ‘हो’ आलं तर मायग्रेनची शक्यता दाट. औषध न घेता अटॅक ४ ते ७२ तास चालतो. काहींना आधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसतात, त्या ५ ते ६० मिनिटांत जातात. त्या न दिसताही मायग्रेन असतंच. बहुतेकांना त्या दिसत नाहीत.

सायनसबद्दल एवढंच: मायग्रेनमध्येही नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं. घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड आणि ताप नसेल, तर दर महिन्याला होणाऱ्या ‘सायनस’वर अँटिबायोटिक घेत बसू नये.

हा फरक औषधासाठी कळायला हवा. साध्या डोकेदुखीला पॅरासिटामॉल पुरतं. मायग्रेनमध्ये गोळी दुखायला लागताच घ्यावी लागते; ‘बघू, सहन होईल’ म्हणत तीन तास काढले की जठर मंदावलेलं असतं आणि गोळी पोटातच पडून राहते. म्हणून डॉक्टर सोबत उलटीचं औषध देतात. सुमाट्रिप्टान ही खास मायग्रेनची गोळी, पण हृदयविकार असलेल्यांना चालत नाही, तेव्हा शेजारणीची उसनी घेऊ नये. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले १५ दिवस, ट्रिप्टान (सुमाट्रिप्टानच्या जातीच्या गोळ्या) किंवा एकीतच दोन-तीन औषधं असलेल्या मिश्र गोळ्या १० दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळ्यांमुळेच रोज डोकं दुखू लागतं. कॅलेंडरवर दुखल्याच्या दिवशी फुली आणि गोळी घेतली की गोल करा. महिन्याला चार-पाच फुल्या दिसल्या तर अटॅक टाळण्याच्या रोजच्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा.

मिनिटभरात शिगेला पोचलेली डोकेदुखी, तापासोबत ताठलेली मान, बोबडी वळणं, हातापायातली ताकद जाणं, डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारं दुखणं, यात पित्त की मायग्रेन हा खल करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच असं डोकं दुखायला लागलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.