झोका, मोका, धोका: अडलेल्या ओळीमागचे विज्ञान

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की धुळे-जळगावकडच्या अहिराणी गीतकारांची धावपळ सुरू होते. चाल बसलेली असते, वाद्यांचा ट्रॅक तयार असतो, आणि दुसऱ्या कडव्यापाशी घोडे अडते. 'काहीच सुची नही ऱ्हायनं.' ऐकणारा म्हणतो, डोकं रिकामं झालंय, चार दिवस थांब.

हे निदान उलटे आहे. अडलेले डोके रिकामे नसते, ते एकाच गोष्टीने गच्च भरलेले असते. पहिली ओळ 'झोका' शब्दावर संपली की पुढे मोका, धोका, ठोका हे तीनच शब्द दारात उभे राहतात. ते खोडले तरी पुन्हा तेच येतात. चौथा शब्द नाही असे नाही, पण या तिघांनी वाट अडवलेली असते.

ही अडवणूक मोजून दाखवता येते. १९४२ साली अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने पाण्याच्या भांड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. मूळ मापे क्वार्टमध्ये होती, आपण लिटर धरू. २१ लिटरचा हंडा, १२७ लिटरचा ड्रम आणि ३ लिटरची बरणी आहे, भांड्यांवर खुणा नाहीत, आणि नेमके १०० लिटर मोजायचे आहेत. ड्रम भरा, त्यातून एकदा हंडा आणि दोनदा बरणी भरून काढा: १२७ वजा २१ वजा ३ वजा ३. जमले. मग १४, १६३, २५ या भांड्यांतून ९९ मोजा. नंतर १८, ४३, १० मधून ५. ९, ४२, ६ मधून २१. २०, ५९, ४ मधून ३१. सगळीकडे तीच रीत चालते.

आता २३, ४९ आणि ३ लिटरच्या भांड्यांतून २० लिटर मोजा. आधीची पाच गणिते केलेली बहुतेक माणसे ४९ चा ड्रम भरतात, २३ काढतात, मग दोनदा ३ काढतात. उत्तर बरोबर येते. पण २३ मधून ३ काढले की काम एका पायरीत होते! थेट हेच गणित दिलेल्यांना सोपी रीत बहुधा लगेच दिसते. पुढचे गणित आणखी बोलके आहे: २८, ७६, ३ मधून २५. इथे जुनी रीत ४२ वर नेऊन सोडते. हवे ते २८ वजा ३ इतके सरळ, तरीही सरावलेली बरीच माणसे अडून बसतात. सरावानेच त्यांना अडवलेले असते. मराठीत याला 'रुळलेली वाट' म्हणावे: बैलगाडीची चाके चाकोरीत गेली की बाहेर काढणे जड जाते.

हे फक्त नवख्यांचे होते असे मानू नका. २००८ मध्ये बिलालिच, मॅक्लॉड आणि गोबे या संशोधकांनी मुरलेल्या बुद्धिबळपटूंपुढे एक डाव मांडला. त्यात ओळखीची, लांब मात होती आणि एक कमी चालींची, अनोळखी मातही होती. खेळाडूंना ओळखीची मात दिसली. 'आता आणखी चांगली शोधतोय,' असे ते प्रामाणिकपणे सांगत होते. डोळ्यांच्या हालचाली टिपणारे यंत्र मात्र दाखवत होते की पहिली मात ज्या घरांतून होते, त्यांवरच नजर पुन्हा पुन्हा जाते. शोध चालू आहे असे वाटते, प्रत्यक्षात तीच जागा पुन्हा पुन्हा तपासली जाते. गीतकाराच्या वहीतल्या खाडाखोडीत नेमके हेच चाललेले असते.

मेंदूत हे का घडते? आठवणी एकमेकींशी जोडलेल्या असतात. एक जाळे उद्दीपित झाले की त्याला जोडलेले शब्द वर येतात आणि स्पर्धेतले इतर शब्द दाबले जातात. एरवी ही दाबणी हवीच, नाहीतर साधे वाक्यही बोलता येणार नाही. दिशा देण्याचे काम मुख्यतः कपाळामागच्या अग्रखंडाचे. तो 'सध्याचे काम' धरून ठेवतो आणि त्या कामाशी जुळणाऱ्या संकेतांना झुकते माप देतो. काम 'झोक्याला यमक' असे धरले की -ओका या ध्वनीचे शब्द मोठे होतात, बाकीचे विझतात. त्यात उशिराची धास्ती मिसळली की नॉरॲड्रेनलिन हे मेंदूला सावध करणारे रसायन वाढते. ते बेताचे असते तोवर लक्ष टोकदार राहते. फार वाढले की अग्रखंडाची पकड सुटते आणि अंगवळणी पडलेली उत्तरेच तेवढी हाताशी उरतात. म्हणून 'आज रात्री संपवायचंच' असा दम स्वतःला दिला की धोका-मोका आणखी जोरात येतात.

इथे सजगतेचा, म्हणजे माइंडफुलनेसचा, संबंध येतो. शब्दाचे मूळ पाली भाषेतल्या 'सति', म्हणजे भान, या शब्दात आहे. दवाखान्यात शिकवता येईल असे त्याचे रूप जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केले. मनात आलेली गोष्ट 'आली आहे' एवढे पाहायचे, तिच्यामागे जायचे नाही आणि तिला हाकलायचेही नाही. २०१२ साली इस्रायलमधील संशोधकांनी लुचिन्सचीच भांडी ध्यानाचा सराव असलेल्यांपुढे ठेवली, तेव्हा ते जुन्या रीतीत कमी अडकले. त्याच वर्षी नेदरलँड्समधील लायडनच्या लोरेन्झा कोल्झाटो आणि सहकाऱ्यांनी ध्यानाचे दोन प्रकार वेगळे करून पाहिले. श्वासासारख्या एकाच बिंदूवर लक्ष ठेवणारे ध्यान, आणि जे येईल ते पाहणारे उघडे ध्यान. 'विटेचे किती उपयोग सांगाल?' अशा चाचणीत उघड्या ध्यानानंतर उत्तरे अधिक आणि अधिक वेगवेगळी आली. एकाग्र ध्यानाने तसे झाले नाही. प्रयोगातली माणसे मोजकी होती, त्यामुळे आकडे दगडावरची रेघ मानू नयेत. पण दिशा भांड्यांच्या प्रयोगाशी जुळते.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या नावाखाली मुलांची सर्जनशीलता जागवण्याची शिबिरे भरतात, डोळ्यांवर पट्टी बांधून वाचून दाखवतात आणि हजारो रुपये फी घेतात. मध्यमेंदू जन्मापासून चालूच असतो. बाहुल्या लहान-मोठ्या करणे, नजर वळवणे, आवाजाच्या दिशेला दचकून पाहणे अशी कामे त्याच्याकडे असतात. पट्टीखालून नाकाजवळच्या फटीतून दिसते, एवढेच त्यातले रहस्य. सजगतेला असल्या शिबिरांच्या रांगेत बसवू नका, आणि तिच्याकडून चमत्काराची अपेक्षाही ठेवू नका.

आता कृती. एकूण वीस-पंचवीस मिनिटे लागतात. आधी कागदावर अडलेली जागा एका ओळीत लिहा आणि तिच्याखाली आतापर्यंत सुचलेले सगळे पर्याय उतरवा: मोका, धोका, ठोका. ही पायरी गाळू नये. न लिहिलेले पर्याय विसरू नयेत म्हणून मन त्यांना धरून ठेवते. कागदावर आले की पकड ढिली होते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, वेळेसाठी साधे घड्याळ चालते.

मग चार मिनिटे फक्त श्वास. चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर. सेकंदाला एक आकडा धरला तर मिनिटाला सहा श्वास होतात. लांब उच्छ्वासात मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढून हृदयाची गती कमी होते, धास्ती उतरते. एवढ्यावर थांबू नका, एकाग्रता ही फक्त तयारी आहे.

पुढची आठ मिनिटे लक्ष उघडे सोडा. जे येईल त्याला एका शब्दाचे नाव द्या. कूलरची घरघर: 'आवाज'. चटईची काडी टोचली: 'स्पर्श'. शेजारच्या गच्चीवर वाळणाऱ्या बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, वास: 'वास'. 'धोका' पुन्हा आला: 'शब्द'. सगळी गंमत या शेवटच्या नावात आहे. आतापर्यंत धोका हे उत्तर होते, आता तो कूलरच्या घरघरीइतकाच एक येणारा-जाणारा शब्द झाला. त्याला दाबले नाही, म्हणून तो उसळत नाही. त्याच्यामागे गेलो नाही, म्हणून त्याचे जाळे पुन्हा पेटत नाही.

उठल्याबरोबर पाच मिनिटे न खोडता दहा पर्याय लिहा. एकच नियम: पहिल्या यादीतले काही घ्यायचे नाही. निवड अर्ध्या तासाने करा. बऱ्याचदा नवा शब्द सापडत नाही, अटच सुटते. 'झोका' ओळीच्या शेवटी हवाच कशाला? तो सुरुवातीला आणला की ओळ निंबावर, दोरावर, माहेरावर संपवता येते. २३ वजा ३ सारखेच हे सोपे, आणि तितकेच झाकलेले.

चुकते कुठे? सर्वात मोठी चूक म्हणजे बसल्या बसल्या 'आली का कल्पना?' असे डोकावणे. तसे केले की काम पुन्हा 'यमक शोधणे' हेच होते आणि उघडे लक्ष मिटते. दुसरी चूक वेळेची. वैशाखात जेवून दुपारी दोनला बसाल तर चार मिनिटांत डुलकी लागेल. पहाटे किंवा दिवेलागणीनंतर बसा, झोप येत असेल तर डोळे अर्धे उघडे ठेवा. तिसरी, तयारीच नसताना बसणे. आखाजीला म्हणतात ती गौराईची गाणी कानावर पडलीच नसतील तर सैल करायला मनात काही नसते. काहींना शांत बसल्याने उलट घाबरल्यासारखे होते. त्यांनी बसणे सोडून सावकाश चालत हीच नावे द्यावीत. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ गाण्यातच काय, कशातच गोडी वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. तिथे डॉक्टरच गाठावा.

भांड्यांचा प्रयोग घरातल्या दोन मुलांवर करता येतो. एकाला वरची पाच गणिते ओळीने सोडवायला द्या, दुसऱ्याला देऊ नका. मग दोघांना एकच गणित द्या: १८, ४८ आणि ४ लिटरच्या भांड्यांतून २२ लिटर. कागद हातात येताच पहिल्याचा हात ४८ कडे जातो का, ते पाहा. पुढच्या वेळी सहावे गणित देण्याआधी कागदावर 'आंधळे होऊ नका' असे लिहून घ्या. लुचिन्सनेही तेच केले होते, आणि सोपी रीत दिसणाऱ्यांची संख्या त्याने वाढली होती. उत्तर १८ अधिक ४.