थंडीतील सायकलस्वारी : पायांचे कपडे

थंड हवेत सायकल चालवताना कमरेपासून घोट्यापर्यंत घालायचे कपडे. लेग वॉर्मर, नी वॉर्मर, थर्मल शॉर्ट्स, पूर्ण लांबीच्या टाइट्स आणि पावसासाठीची वरची पँट हे त्यांचे मुख्य प्रकार. बूट, मोजे आणि बुटांवरची आवरणे हा स्वतंत्र विषय असून इथे त्यांचा संबंध घोट्यापुरताच येतो.

सायकलवाल्याला बोचते ती थंडी मुख्यतः वाऱ्याची. हवा अगदी पडलेली असली तरी ताशी २५–३० किमी वेगाने जाणारा माणूस स्वतःपुरता वारा तयार करतच असतो. उत्तर अमेरिकेत २००१ पासून वापरात असलेल्या सूत्रानुसार ५° से. तापमानात ताशी ३० किमी वारा वाहत असेल, तर उघड्या त्वचेला सुमारे ०° से. इतके गार वाटते. शिवाय हा वारा पायांना सगळीकडून सारखा लागत नाही. मांडीची पुढची बाजू, गुडघा आणि नडगी यांच्यावर तो थेट आदळतो, तर पोटरी बरीचशी आडोशाला राहते.

उष्णतेची वाटणीही अशीच असमान असते. पेडल मारताना खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा सायकल पुढे ढकलण्याच्या कामी येतो आणि बाकीची उष्णता होऊन बाहेर पडते. मांडीचे स्नायू त्यामुळे आपोआप तापतात. गुडघ्याला मात्र ही सोय नाही. वाटी आणि कंडरा कातडीच्या लगेच खाली असतात, वर मांस नाही की चरबी नाही. मांडीला घाम आणि गुडघ्यात शिरशिरी ही तक्रार एकाच पायाची असू शकते ती यामुळेच. पायांचे कपडे निवडताना म्हणूनच पहिला प्रश्न ‘तापमान किती?’ हा नसून ‘गुडघ्यावर वारा किती लागणार?’ हा असायला हवा.

पारा १५ ते १८° से.च्या खाली गेला की गुडघे झाका, असा जुन्या प्रशिक्षकांचा दंडक आहे. गार वाऱ्याने गुडघा कायमचा निकामी होतो या समजुतीला ठाम वैद्यकीय आधार नाही. पण दंडक टाकाऊ नाही. स्नायूचे तापमान १ अंशाने उतरले की त्याची कमाल शक्ती सुमारे ४ ते ६ टक्क्यांनी घटते, असे प्रयोगांत मोजले गेले आहे. सांध्यातले वंगणही गारठ्यात घट्ट होते. पहाटे निघाल्यावर पहिले काही किलोमीटर पाय लाकडी वाटतात ते उगाच नाही.

सर्वांत उपयोगी आणि त्यामानाने स्वस्त वस्तू म्हणजे लेग वॉर्मर. ही पावलाशिवायची लांब बाही असते. घोट्यापासून मांडीच्या मध्यापर्यंत येते आणि नेहमीच्या सायकलिंग शॉर्ट्सखाली घातली जाते. घालायची रीत ठरलेली आहे : शॉर्ट्सची कड वर दुमडायची, वॉर्मर ओढून वर घ्यायचा, शिवण मांडीच्या आतल्या बाजूला सरळ आणायची आणि मग कड त्यावर खाली सोडायची. वरच्या काठाला आतून सिलिकॉनची पट्टी असते, ती कातडीला धरून राहते. पट्टी सैल असेल तर दर दहा मिनिटांनी वॉर्मर गुडघ्याकडे घसरतो, आणि फार आवळ असेल तर मांडीवर संध्याकाळपर्यंत वळ राहतो. विकत घेताना उभे राहून बघण्यात अर्थ नाही. गुडघा छातीकडे आणून बघावा, गुडघ्यामागे चुण्या गोळा झाल्या तर ते माप आपले नव्हे. चांगल्या वॉर्मरचा गुडघा मुळातच वाकवून शिवलेला असतो. घोट्याला चेन (झिप) असली तर बूट न काढता, चहाच्या टपरीसमोर एका पायावर उभे राहून तो उतरवता येतो. उतरवलेला जोड गुंडाळून जर्सीच्या मागच्या खिशात बसतो, हा त्याचा खरा गुण.

नी वॉर्मर म्हणजे हाच प्रकार आखूड करून पोटरीच्या वरच्या भागापर्यंत आणलेला. साधारण १५ ते २०° से.च्या हवेला तो पुरतो. त्याखाली १० अंशांपर्यंत पूर्ण लेग वॉर्मर, ५ ते १० अंशांत आतून लव असलेल्या थर्मल टाइट्स आणि शून्याच्या आसपास पुढच्या बाजूला वारा अडवणारे कापड लावलेल्या टाइट्स, असा ढोबळ क्रम सांगता येईल. मात्र हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. हळू चालवणाऱ्याला एक पायरी जास्त लागते, आणि सपाटीपेक्षा घाटाच्या उताराचा हिशेब वेगळा असतो. चढताना अंगातून वाफा निघतात. माथ्यावरून खाली येताना पेडल थांबते, म्हणजे उष्णता बनणे थांबते, आणि वेग दुप्पट-तिप्पट झालेला असतो. कपडे उताराच्या बेताने न्यावेत आणि चढाच्या बेताने घालावेत. निघताना पहिली दहा मिनिटे थोडे गारच वाटले पाहिजे. घराच्या दारातच उबदार वाटत असेल तर कपडे जास्त झाले.

टाइट्स दोन जातींच्या असतात, आत पॅड (बैठकीखालची मऊ गादी) शिवलेल्या आणि बिनपॅडच्या. पॅड थेट कातडीला लागून घालायचे असते, आत अंतर्वस्त्र घालायचे नसते. त्यामुळे पॅडच्या टाइट्स एका वापरानंतर धुवाव्याच लागतात. बिनपॅडच्या टाइट्स रोजच्या शॉर्ट्सवरून चढवता येतात आणि एकच जोड आठवडाभर वेगवेगळ्या शॉर्ट्सवर चालतो. रोज चालवणाऱ्याला हा प्रकार परवडतो. पॅडवर पॅड चढवण्याची चूक मात्र कुणी दुसऱ्यांदा करत नाही. खांद्यावरून पट्टे जाणाऱ्या बिब टाइट्स महाग असल्या तरी वाकून बसल्यावर कंबर उघडी पडू देत नाहीत. पट्टे जर्सीच्या आत असल्याने लघुशंकेसाठी अर्धे कपडे उतरवावे लागतात, ही अडचण दुकानदार सहसा सांगत नाही. स्त्रियांसाठी मागे चेन किंवा हूक असलेल्या बिब निघाल्या आहेत.

कापडांत पायाभूत गोष्ट ताणाची. इलॅस्टेनचा धागा १९५८ मध्ये ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने घडवला आणि लायक्रा या नावाने तो जगभर गेला. त्याआधी सायकलपटूंच्या शॉर्ट्स लोकरीच्या असत आणि पॅड म्हणजे खरोखर कातड्याचा तुकडा. आजच्या थर्मल टाइट्समध्ये नायलॉन-इलॅस्टेनच्या विणीची आतली बाजू घासून लव उठवलेली असते. या लवेत हवा अडकते आणि ऊब राहते. मेरिनो लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही फारशी गार पडत नाही आणि तिला वासही कमी येतो, पण खोगिरावर ती लवकर विरते. पूर्ण वाराबंद कापडाचा मोह टाळावा. मांडीला पुढून ते चालते, मागच्या बाजूला श्वास घेणारे कापडच हवे. नाहीतर घाम आत कोंडतो आणि उतारावर तोच गारठा बनतो.

ओले होणे हे थंडीपेक्षा वाईट. पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. सुती पायजमा आणि जीन्स इथेच दगा देतात, कारण एकदा भिजल्या की दिवसभर वाळत नाहीत. पावसात टाइट्सचा घोटा बुटाच्या आवरणावरून खाली सोडावा, आत खोचू नये. खोचला की पायावरून ओघळणारे पाणी सरळ बुटात जमा होते.

युरोपातल्या व्यावसायिक शर्यतींत आणखी एक पर्याय दिसतो, तो म्हणजे कपड्याऐवजी मलम. बेल्जियममध्ये वसंतातल्या गार, चिखलाच्या शर्यतींना पायांना झणझणीत मलम चोळून उघड्या पायांनी उतरण्याची परंपरा आहे. मिरचीतले कॅप्सेसिन त्यातल्या अनेक मलमांत असते. त्याने त्वचा तापल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात ऊब धरून राहत नाही. ते चोळण्याआधी शॉर्ट्स चढवलेल्या असाव्यात, का ते सांगायला नको. उघड्या पायांची परिसीमा ५ जून १९८८ रोजी जिरो द’इटालिया या इटलीतल्या अनेक टप्प्यांच्या शर्यतीत दिसली. २,६०० मीटरहून उंच गाव्हिया खिंडीत बर्फाचे वादळ चालू असताना अमेरिकेचा अँडी हॅम्पस्टन पायांना चरबट लेप लावून खिंड ओलांडून गेला. त्या दिवशी टप्पा एरिक ब्रॉयकिंकने जिंकला, पण एकूण आघाडीची गुलाबी जर्सी हॅम्पस्टनकडे आली आणि शर्यतही त्यानेच जिंकली. अनुकरण करण्यासारखे यात काही नाही.

रोज कामाला जाणाऱ्यांचे शहाणपण याहून साधे आहे. फिनलंडमधील औलू या शहरात लोक भर हिवाळ्यात बर्फावरून सायकली चालवतात, आणि हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ मध्ये तिथेच भरली. चार-पाच किलोमीटरच्या वाटेला खास टाइट्सची गरज नसते. नेहमीच्या पँटखाली लोकरीची किंवा थर्मल आतली पँट आणि वरून वारा अडवणारी सैल पँट, एवढ्यावर भागते.

महाराष्ट्रात शून्याखालची थंडी नसली, तरी डिसेंबर-जानेवारीत नाशिक, पुणे या भागांत पहाटे पारा १० अंशांखाली उतरतो. रात्रभर चालणाऱ्या ब्रेव्हेत, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या स्वारीत (३०० किमीला २० तास, ४०० किमीला २७ तास), भाग घेणाऱ्यांच्या सामानात लेग वॉर्मर असतातच. दुपारी त्याच रस्त्यावर ३० अंश असतात, त्यामुळे टाइट्सपेक्षा काढता येणारी वस्तू इथे जास्त शहाणपणाची. २०१९ मध्ये पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या सुमारे १,२०० किमीच्या स्वारीला भारतातून मोठा चमू गेला होता. महिना ऑगस्टचा असूनही रात्री चांगल्याच गारठल्या होत्या, आणि उकाड्यात सराव केलेल्यांना तो धडा पायांनी शिकावा लागला. लडाखला जाणाऱ्यांनी तर उन्हात शॉर्ट्स आणि खिंडीत पूर्ण टाइट्स अशी दोन्ही तयारी ठेवावी.

सैल पँट घालणाऱ्याला उजव्या पायाची काळजी घ्यावी लागते. साखळी त्या बाजूला असते आणि पँटची पायघोळ कड ती नेमकी ओढून घेते. पायजमा मोज्यात खोचणे किंवा घोट्याला क्लिप लावणे हा जुन्या पुण्यातला उपाय आजही तितकाच चालतो. घोट्याभोवती चमकणारी पट्टी असेल तर दुहेरी काम होते. वर-खाली हलणाऱ्या घोट्यांवरची चमक पाहून मागच्या चालकाला पुढे माणूस आहे हे छातीवरच्या पट्टीपेक्षा लवकर कळते.

धुताना हे कपडे उलटे करून साध्या सौम्य साबणाने गार पाण्यात धुवावेत. कापड मऊ करणारे द्रव वापरू नये. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि कापडाचे घाम ओढून घेण्याचे काम मंदावते. वाळत सावलीत घालावेत. उन्हाने आणि इस्त्रीने इलॅस्टेन मरते, आणि मग लेग वॉर्मर पहिल्याच चढाला घोट्यावर येऊन बसतो.