ऑप्टिकल क्रॉसफेडर

डीजे मिक्सरवर दोन स्रोतांमधला आवाज एकाकडून दुसऱ्याकडे नेणारी आडवी सरकती कळ म्हणजे क्रॉसफेडर. ही कळ नेमकी कुठे आहे हे धातूच्या स्पर्शाने न ओळखता सेन्सरवर पडणाऱ्या उजेडावरून ओळखणारा प्रकार तो ऑप्टिकल क्रॉसफेडर. नावामुळे पुष्कळांचा असा समज होतो की आवाजच प्रकाशातून जातो. चांगल्या रचनेत तसे होत नाही. प्रकाश फक्त कळीची जागा सांगतो, आणि आवाज कमीजास्त करण्याचे काम दुसऱ्याच घटकाकडे असते. स्वतः फेडर बांधू पाहणाऱ्यांची पहिली चूक बहुधा हा फरक न कळल्यामुळे होते.

साध्या क्रॉसफेडरमध्ये कार्बनचा पट्टा असतो आणि त्यावरून धातूची बारीक बोटे, म्हणजे वायपर, घासत जातो. वापर वाढला की पट्टा झिजतो, धूळ आणि कार्बनची भुकटी साचते, वायपर क्षणभर उचलला जातो आणि स्पीकरमधून खरखर येते. दुसरी तक्रार ‘ब्लीड’ची, म्हणजे कळ टोकाला नेली तरी बंद असायला हवा तो आवाज मागे हळूच ऐकू येत राहणे. नुसती गाणी जोडणाऱ्याचा असा फेडर वर्षानुवर्षे टिकतो. स्क्रॅचिंग, म्हणजे तबकडी हाताने पुढेमागे फिरवत क्रॉसफेडरने आवाज कापणे, करणाऱ्याचा टिकत नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात स्क्रॅचिंग रुजले, तेव्हापासून क्रॉसफेडर वाद्यासारखा वाजवला जाऊ लागला. ‘क्रॅब’ या प्रकारात चार बोटे एकामागोमाग कळीवर आपटतात आणि अंगठा स्प्रिंगसारखा तिला परत ढकलतो. अर्ध्या तासाच्या रियाजात कळ हजारो वेळा त्याच दोन-तीन मिलिमीटरांत पुढेमागे होते. पट्टा नेमका तिथेच उघडा पडतो.

उजेडाने आवाज आवरण्याची युक्ती मात्र डीजे मिक्सरची नाही. गिटारवादकांच्या मॉर्ली पेडलांत पायाखालचा पडदा दिवा आणि एलडीआर यांच्यामध्ये सरकतो. एलडीआर हा कॅडमियम सल्फाइडचा घटक असून उजेड वाढला की त्याचा रोध घटतो. पेडलसाठी हे उत्तम, कारण पाय सावकाश हलतो. क्रॉसफेडरसाठी हाच घटक घेतला की फसगत होते. एलडीआरला उजेड ‘विसरायला’ वेळ लागतो. अंधार झाल्यावर त्याचा रोध पूर्ववत व्हायला दहापासून शंभर मिलिसेकंद, कधी त्याहून जास्त लागतात. तेवढ्यात क्रॅबचा पुढचा ठोका येऊन गेलेला असतो आणि कापलेल्या आवाजाला शेपूट राहते. शिवाय कॅडमियम विषारी असल्याने युरोपीय संघाने २००६ पासून विद्युत उपकरणांतील त्याच्या वापरावर कडक मर्यादा घातली. संथ मिश्रणासाठी एलडीआर चालेल, पण स्क्रॅचसाठी तो हातात घेऊ नये.

त्याच्या जागी फोटोट्रान्झिस्टर, म्हणजे उजेड पडला की वीज वाहू देणारा ट्रान्झिस्टर, येतो. त्याचा प्रतिसाद मायक्रोसेकंदांत मोजतात. अवरक्त एलईडी आणि फोटोट्रान्झिस्टर समोरासमोर बसवलेला, मध्ये सुमारे ५ मिलिमीटरची खाच असलेला यू आकाराचा सेन्सर सहज मिळतो. छपाईयंत्रात कागद आला की नाही हे असाच सेन्सर पाहतो. जुन्या चेंडूवाल्या माउसमध्येही हीच जोडी असे, पण तिथे ती फक्त हालचाल मोजते. कळ कुठे आहे हे तिला माहीत नसते, म्हणून तो भाग उचलून फेडरमध्ये बसवता येत नाही.

स्क्रॅचसाठी सर्वांत सोपी रचना दोन खाचांची आहे. ४५ मिलिमीटर सरकणारा जुना फेडर उघडून त्यातली कार्बनपट्टी आणि वायपर काढून टाकायचा, सळ्या आणि सरकता ठोकळा ठेवायचा. ठोकळ्याखाली पातळ पाते चिकटवायचे आणि दोन्ही टोकांना एकेक खाचेचा सेन्सर बसवायचा. कळ ‘अ’ टोकाला गेली की पाते तिथल्या खाचेत शिरते, सेन्सरवर अंधार होतो आणि ‘ब’ बाजू बंद होते. कळ जराशी सुटली की उजेड पडतो आणि ‘ब’ पूर्ण आवाजात उघडते. सेन्सरची फट जेमतेम अर्ध्या-एक मिलिमीटरची असल्याने सगळा बदल तेवढ्यातच उरकतो. स्क्रॅच करणाऱ्याला हवा असतो तो ‘कट’ हाच. सेन्सर आतबाहेर सरकवता येईल अशा लांबट भोकांतून स्क्रूने बसवला तर कट कुठे लागावा हेही पेचकसाने ठरवता येते.

वीजजोडणी अवघड नाही. ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर अवरक्त एलईडीत साधारण १.२ व्होल्ट पडतात. २२० ओहमचा रेझिस्टर लावला की १७ मिलिॲम्पियर प्रवाह मिळतो, तो पुरेसा आहे. फोटोट्रान्झिस्टरच्या कलेक्टर या पायाला १० किलोओहममधून ३.३ व्होल्ट द्यायचे. अंधारात कलेक्टर ३.३ व्होल्टवर राहतो, उजेडात शून्याजवळ येतो.

हे व्होल्टेज व्हीसीएकडे, म्हणजे व्होल्टेजने आवरल्या जाणाऱ्या ॲम्प्लिफायरकडे जाते. घरी बांधणाऱ्यांसाठी २१६४ ही चिप अगदी बेतलेली वाटते. तिच्यात चार व्हीसीए असतात, आणि दोन स्रोतांचे डावे-उजवे मिळून आपल्याला चारच लागतात. तिचे प्रमाण दर डेसिबलला ३३ मिलिव्होल्ट. शून्य व्होल्टला आवाज जसाच्या तसा, ३.३ व्होल्टला १०० डेसिबलने खाली. म्हणजे अंधार झाला की आवाज आपोआप मिटतो आणि ब्लीडचा प्रश्न जवळजवळ उरत नाही.

इथे एक खोच आहे आणि ती कागदावरच्या आकृतीत दिसत नाही. पूर्ण उजेडातही फोटोट्रान्झिस्टर शून्यावर येत नाही, ०.२ व्होल्टच्या आसपास थांबतो. ३३ ने भागले तर हे ६ डेसिबल होतात. सगळे बरोबर जोडलेले असूनही आवाज दबका का, हे शोधण्यात संध्याकाळ जाते. मध्ये एक ऑप-ॲम्प, म्हणजे व्होल्टेजांची बेरीज-वजाबाकी करू शकणारी ॲम्प्लिफायर चिप, घेऊन तेवढे व्होल्टेज वजा करायचे. मात्र जास्त वजा करू नये. व्होल्टेज शून्याखाली गेले की २१६४ आवाज वाढवू लागते.

कट फारच तीक्ष्ण झाला तर प्रत्येक वेळी ‘टक’ असा आवाज येतो, कारण ध्वनीची लाट मध्येच तुटते. ऑप-ॲम्पच्या आधी १० किलोओहम आणि १०० नॅनोफॅरड एवढी गाळणी लावली की बदल साधारण १ मिलिसेकंदात होतो, टकटक जाते आणि हाताला फरक कळत नाही. खरखर घालवायची म्हणून कोणी तिथे १० मायक्रोफॅरड लावतात. मग बदलाला १०० मिलिसेकंद लागतात आणि एलडीआर टाळून मिळवलेले सगळे वाया जाते.

खरी कसोटी पात्याची असते. डोळ्याला काळे दिसणारे सगळे अवरक्त प्रकाशाला काळे नसते. रिमोटच्या तोंडाशी असलेले काळे प्लास्टिक हेच दाखवते, त्यातून अवरक्त सरळ आरपार जातो. इंकजेटवर छापलेली काळी फिल्म, रंगीत छायाचित्रणाच्या निगेटिव्हचे काळे टोक, काही काळे ॲक्रिलिक ही सगळी याच जातीची. लेझर प्रिंटरच्या टोनरमध्ये कार्बन असतो, त्यामुळे तो बराच उजेड अडवतो. तरी सर्वांत खात्रीचे पाते पातळ पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे, वर बिनचमकीचा काळा रंग दिलेले. तपासणी फोनच्या कॅमेऱ्यानेही होते. अनेक फोनांच्या, विशेषतः पुढच्या, कॅमेऱ्यात अवरक्त एलईडी जांभळट दिसतो. मध्ये पाते धरल्यावर जांभळा ठिपका उरला तर ते पाते बाजूला ठेवावे.

गाणी हळूहळू एकमेकांत मिसळायची असतील तर दोन खाचा पुरत नाहीत. कळीची पूर्ण ४५ मिलिमीटरांतली जागा लागते. त्यासाठी पाते निमुळते कापतात किंवा त्यात रुंद होत जाणारी तिरकी चीर ठेवतात, म्हणजे कळ सरकेल तसा उजेड वाढतो. एलईडीचा झोत मध्यभागी प्रखर आणि कडेला मंद असल्याने मिळणारा आलेख वाकडा येतो. एलईडीपुढे ट्रेसिंग कागदाचा तुकडा लावला की झोत बराच सारखा होतो. ठीक मध्यावर दोन्ही स्रोत ३ डेसिबलने खाली, म्हणजे ०.७०७ पटीवर, ठेवले तर ऐकताना आवाजात खड्डा पडत नाही.

या प्रकारात उजेडाची मात्रा महत्त्वाची असल्याने एलईडीचे नखरे सोसावे लागतात. तापला की त्याचा प्रकाश दर अंशाला सुमारे अर्ध्या टक्क्याने घटतो आणि वयोमानाने तो मंदही होतो. उपाय जुना आहे. एकाच एलईडीसमोर दोन सेन्सर ठेवायचे, एकावरचा उजेड वाढताना दुसऱ्यावरचा घटेल असे पाते कापायचे, आणि दोघांतला फरक भागिले दोघांची बेरीज हे उत्तर धरायचे. एलईडी मंदावला तरी गुणोत्तर तेच राहते.

बाहेरचा उजेड हा दुसरा शत्रू. ऊन आणि हॅलोजन दिवे यांत अवरक्त भरपूर असतो. मुख्य पुरवठ्यावरचे दिवे सेकंदाला १०० किंवा १२० वेळा लुकलुकतात आणि सेन्सरपर्यंत पोचले तर आवाजात गुरगुर उमटते. कळीच्या फटीखाली काळ्या फेल्टच्या दोन पट्ट्या लावल्या की पुष्कळ काम होते. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा छोटा संगणक, वापरत असल्यास एक मोजणी एलईडी लावून, एक विझवून घ्यावी आणि दुसरी पहिलीतून वजा करावी. अर्डुइनो उनो या तयार बोर्डावरच्या एटीमेगा ३२८ या मायक्रोकंट्रोलरला एका मोजणीस नेहमीच्या वेगाने १०४ मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे ही चैन परवडते.

संगणकावरच्या डीजे प्रणालीसाठी व्हीसीए लागतच नाही, कळीची जागा मिडी, म्हणजे वाद्ये आणि संगणक यांच्यातल्या ठरलेल्या भाषेतल्या, संदेशाने पाठवली की झाले. पारंपरिक मिडी तारेवरून तीन बाइटांचा संदेश जायला सुमारे १ मिलिसेकंद लागतो. अडचण पायऱ्यांची आहे. साध्या संदेशात १२८ पायऱ्या असतात, म्हणजे एक पायरी ०.३५ मिलिमीटरची. एका मिलिमीटरात कट बसवायचा तर हाती तीनच पायऱ्या येतात. म्हणून कटचा आलेख मायक्रोकंट्रोलरमध्येच काढून त्याचे उत्तर पाठवणे शहाणपणाचे.

स्पर्शाविना चालणारा फेडर उजेडाचाच असतो असे नाही. रेन कंपनीच्या टीटीएम ५६ मिक्सरमध्ये चुंबकीय फेडर होते, तर इनोफेडर हा बाजारात मिळणारा फेडर धारकतेवर (कपॅसिटन्सवर) चालतो. हे दोन्ही बाहेरच्या उजेडाला भीत नाहीत. घरी मात्र उजेडाचा प्रकार सर्वांत सोपा, कारण त्यातली प्रत्येक चूक डोळ्याने किंवा फोनच्या कॅमेऱ्याने शोधता येते.

‘कधीच न झिजणारा’ ही ऑप्टिकल फेडरची ख्याती अर्धीच खरी आहे. झिजणारा पट्टा गेला, तरी ठोकळा अजून पोलादी सळ्यांवरच धावतो. सळ्यांना हलक्या तेलाचा एखादा थेंब पुरतो, घट्ट ग्रीसने कळ जड होते. जास्त झालेले तेल पात्यावरून सेन्सरच्या खिडकीवर उतरते आणि उजेड मंदावतो. वरच्या जोडणीत अंधार म्हणजे बंद, त्यामुळे दोन्ही सेन्सरांचे एलईडी एकाच रेझिस्टरवर ओळीने जोडलेले असतील तर एक जळताच दोन्ही बाजू एकदम मुक्या होतात. प्रत्येकाला वेगळा रेझिस्टर द्यावा, आणि क्रॉसफेडर वगळून आवाज सरळ पुढे सोडणारे एक बटण मिक्सरवर जरूर ठेवावे.