जड व्ही-ट्विन: सिग्नलवर, घाटात आणि ट्रॅकवर (गाडी न्यायच्या आधी पाच मिनिटं वाचा)

नमस्कार मंडळी,

हा कागद आम्ही सर्व्हिस झालेल्या प्रत्येक मोठ्या गाडीच्या सीटवर ठेवतो, बरेच जण त्यानेच आरसा पुसतात ते माहितीये, पुसा, पण आधी एकदा वाचा. कारण दर थोड्या दिवसांनी कोणीतरी येतंच, "शॉकअप गेलाय बहुतेक, वळणावर गाडी बसत नाही", मग आम्ही परळ-लालबाग एक चक्कर मारून येतो आणि शॉकअपला काहीच झालेलं नसतं. गाडी जशी बनवलीये तशीच चालतेय, चालवणाऱ्याचा हात मात्र अजून आधीच्या दीडशे-दोनशे सीसीच्या गाडीवर आहे. नवीन शॉकअप विकून आम्हाला चार पैसे मिळतीलही, पण महिन्याभराने तुम्ही तीच तक्रार घेऊन याल.

आधी इंजिन. व्ही-ट्विन म्हणजे दोन सिलिंडर व्ही आकारात, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण व्ही किती उघडा आहे त्यावर सगळी गंमत. हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या इंजिनात तो कोन ४५ अंशाचा आणि दोन्ही कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे) क्रँकच्या एकाच पिनवर, म्हणून एका सिलिंडरचं फायरिंग (पेट्रोलचा स्फोट) झाल्यावर दुसरं क्रँक ३१५ अंश फिरल्यावर आणि मग पुढचं ४०५ अंशांनी. सारखं अंतर नाही, तो लंगडत चालल्यासारखा आवाज त्याचाच. डुकाटीच्या ट्विनमध्ये कोन ९० अंशाचा, फायरिंग २७० आणि ४५० वर, आणि ९० मध्ये एका पिस्टनचा धक्का दुसरा बराचसा खाऊन टाकतो म्हणून ते इंजिन जास्त आरपीएमला फिरवता येतं. पण ९० अंशाचं इंजिन लांबीला जास्त जागा घेतं, पुढचा सिलिंडर जवळजवळ आडवा झोपतो. म्हणजे फुकट काहीच नाही. दोघांचाही फायदा एकच, इंजिन अरुंद असतं.

आता जडपणा. उदाहरणाला हार्लेची फॅट बॉय ११४ घेऊ, आपल्याकडे ही येतेही बऱ्यापैकी. १८६८ सीसी, १५५ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि तोही तीन हजार आरपीएमच्या आसपासच, वजन पेट्रोल-ऑईल धरून ३१७ किलो, व्हीलबेस म्हणजे दोन चाकांमधलं अंतर १६६५ मिलिमीटर, रेक ३० अंश, मागचा टायर २४० मिलिमीटर रुंद. रेक म्हणजे हँडलखालची मान किती मागे कललीये ते. शेजारी डुकाटीची पानिगाले व्ही२ (२०२५ च्या आधीची) उभी करा, रेक २४ च्या आसपास, व्हीलबेस १४३६. एक ट्रक आहे असं मी म्हणणार नाही, गिऱ्हाईक चिडतं, पण एक राजधानी आणि एक लोकल एवढा फरक आहे खरा. लांब व्हीलबेस आणि जास्त रेक म्हणजे गाडी सरळ रेषेत दगडासारखी स्थिर, आणि तीच गाडी वळायला सांगितलं की आधी विचार करणार.

रुंद मागच्या टायरचं एक कोणी सांगत नाही. गाडी कलली की टायर रस्त्याला जिथे टेकतो ती जागा आतल्या बाजूला सरकते, टायर जितका रुंद तितकी जास्त सरकते. त्यामुळे त्याच वळणाला त्याच स्पीडला रुंद टायरवाली गाडी थोडी जास्त कलवावी लागते आणि वरून ती स्वतःहून उभी राहायला बघते, म्हणून हँडलवरचा दाब वळण संपेपर्यंत सोडायचा नाही. कोणता दाब? उजवीकडे वळायचं तर उजवं हँडल हलकं पुढे ढकलायचं. उलटं वाटतं ना? सायकलवर तुम्ही हेच करत आलाय, फक्त कधी लक्ष दिलं नाही. हलक्या गाडीवर नुसतं अंग कलवून चालून जातं कारण दोनशे किलोच्या गाडीवर ऐंशी किलोचा माणूस म्हणजे एकूण वजनाच्या २९ टक्के, फॅट बॉयवर तोच माणूस २० टक्के. अंग कलवलं तर गाडीला फारसं कळतही नाही.

मुंबईत काय होतं

मुंबईत जड गाडीवाल्याचे हाल असे की जिथे ही गाडी सुखाने चालली असती तिथे टू-व्हीलरला बंदी. सी लिंक बंद, कोस्टल रोड बंद, अटल सेतू बंद, जेजे फ्लायओव्हर बंद, पुणे एक्स्प्रेस वे बंद. राहतं काय, खालचं ट्रॅफिक. आणि ही गाडी सगळ्यात जास्त पडते ती शून्य ते पंधराच्या स्पीडमध्ये, शंभरच्या स्पीडला नाही.

मी स्वतः पाडलीये. सिग्नलवर यू-टर्न, पेव्हर ब्लॉक, नुकताच पाऊस पडून गेलेला, हँडल पूर्ण वळलेलं आणि समोर एक आजोबा अचानक उतरले म्हणून दोन बोटं पुढच्या ब्रेकवर गेली. बस्स. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक धरला की गाडी आतल्या बाजूला बसते, तीनशे किलो पायाने थांबत नाही, थांबवायला जाऊ नका, घोटा जाईल. सोडून द्या, लेगगार्ड त्यासाठीच आहे. हळू यू-टर्नला पुढच्या ब्रेकवरून बोटं काढून ठेवा, हाफ क्लच, हलकी रेस, आणि मागचा ब्रेक पायाने किंचित धरून ठेवायचा, या तिघांच्या ताणात गाडी उभी राहते. आणि नजर जायचंय तिथे, खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यातच जाल.

उचलताना पण पद्धत आहे. आधी इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवा नाहीतर उचलली ती पलीकडे पडली असं होतं, आमच्याच दारात झालंय. मग पाठ सीटला लावून खाली बसायचं, एक हात हँडलला, एक खाली फ्रेमला, आणि मागे मागे छोटी पावलं टाकत पायाच्या जोरावर उठायचं. कमरेने ओढलीत तर मग आमच्याकडे नाही, हाडाच्या डॉक्टरकडे जावं लागेल.

पावसाळ्यात काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधली लांब फट, मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा, झेब्राचे पांढरे पट्टे, यांच्यावरून गाडी शक्यतो न कलवता न्या, आणि फट तिरकी ओलांडा. ट्रॅफिकमध्ये उजव्या मांडीला चटका बसतो तो मागच्या सिलिंडरचा, त्याला हवाच लागत नाही. हार्लेच्या बऱ्याच मॉडेलमध्ये गरम झाल्यावर उभ्या गाडीत मागचा सिलिंडर आपोआप बंद होतो, आवाज बदलला म्हणून घाबरून फोन करू नका, ते फॉल्ट नाही. आणि टॉर्क आहे म्हणून तीसच्या स्पीडला पाचव्या गिअरमध्ये ढकलू नका, ते असमान फायरिंगचे ठोके थेट बेल्टवर आणि कॉम्पेन्सेटरवर (इंजिनाचे झटके झेलणारा स्प्रिंगचा भाग) बसतात.

घाट

जुन्या हायवेने खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळाकडे चढताना किंवा माळशेजला गेलात की खरी परीक्षा. गेल्या पावसाळ्यानंतर एक गाडी आली, डाव्या फूटबोर्डची कड खरवडून पार चमकत होती, नख लावलं तर धार लागत होती. गिऱ्हाईक म्हणाले अहो जरा घासलं, ठिणग्या उडाल्या, मजा आली. मी त्यांना खाली वाकून दाखवलं, फूटबोर्ड बिजागरीवर आहे, तो घासला की वर उचलला जातो, ती वॉर्निंग. त्याच्या मागे जो भाग आहे तो मात्र फ्रेमला घट्ट, तो टेकला की मागचं चाक रस्त्यावरून सुटायला लागतं. मधे बोटभर जागा होती फक्त.

ही गाडी साधारण २५ अंशापर्यंतच कलते. आता हिशोब करू, शाळेतलाच आहे. पन्नास मीटर त्रिज्येचं वळण, घाटात असतात असली बरीच. २५ अंश कलून ते ५४ च्या स्पीडला घेता येतं. ४५ अंश कलणारी गाडी तेच वळण ८० ने घेईल. टायरला ग्रिप आहे, इंजिनात दम आहे, ब्रेक आहेत, तरी ५४ म्हणजे ५४, कारण लोखंड रस्त्याला लागतं. म्हणून स्पीड वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच कमी करायचा, आणि आत शिरल्यावर रेस हलकी उघडी ठेवायची. रेस एकदम सोडलीत तर पुढचं बसतं, उरलीसुरली जागाही जाते, वर एवढ्या मोठ्या पिस्टनचं इंजिन ब्रेकिंग आहेच. ओल्या घाटात पटापट दोन गिअर पाडून क्लच सोडला की मागचं चाक क्षणभर घसरतं ते यामुळेच. एकेक गिअर, क्लच हळू.

डबल सीट जात असाल, वर लेदरच्या बॅगा भरलेल्या, तर प्रीलोड (मागच्या स्प्रिंगचा आधीच दिलेला ताण) वाढवून घ्या. मागून गाडी बसली की ते २५ पण राहत नाहीत. "वळणावर गाडी बसत नाही" या तक्रारीतल्या बऱ्याच एवढ्यानेच मिटतात, पाच मिनिटांचं काम आहे, पैसे घेत नाही.

ट्रॅक

मुंबईत रेसकोर्स आहे, पण तो घोड्यांचा. ट्रॅकवर जायचं तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा, कोइम्बतूरचा कारी, नाहीतर ग्रेटर नोएडाचा बुद्ध, ५.१२५ किलोमीटर, जिथे २०२३ ला मोटोजीपी झाली. "आपली गाडी ट्रॅकला चालेल का" असं विचारता तर उत्तर आहे चालेल, पण व्ही-ट्विन आहे म्हणून नाही किंवा असूनही नाही. व्ही-ट्विनने ट्रॅक गाजवलेत. वर्ल्ड सुपरबाइक चॅम्पियनशिपला १९९० मध्ये रेमंड रोश डुकाटीवर जिंकला, मग कार्ल फोगार्टीने डुकाटीवर चार वेळा, आणि शेवटी होंडानेसुद्धा स्वतःची व्ही-ट्विन बनवली आणि कॉलिन एडवर्ड्सने २००० आणि २००२ ला तिच्यावर टायटल घेतलं. तेव्हा ट्विनला १००० सीसी आणि चार सिलिंडरला ७५० अशी सूट होती हेही सांगायला पाहिजे, नाहीतर डुकाटीवाले फार फुशारतात.

अडचण वजनाची आणि गाडी जमिनीपासून किती वर आहे त्याची. अमेरिकेत २०२० पासून किंग ऑफ द बॅगर्स नावाची रेस होते, बॅगा लावलेल्या टुरिंग गाड्यांची, पहिली लागुना सेकाला झाली आणि टायलर ओहारा इंडियन चॅलेंजरवर जिंकला, २०२१ चं टायटल काइल वायमनने हार्ले रोड ग्लाइडवर घेतलं. व्हिडिओ बघून लोक येतात, "बघा, कोपर टेकवतात!" अहो त्या गाड्या नीट बघा. फूटबोर्ड काढलेले, गाडी चांगली उंच केलेली, वेगळे सस्पेन्शन, वेगळे टायर, वेगळे ब्रेक. उरतो तो आकार आणि इंजिनाचा बाज.

तुमची स्टॉक गाडी ट्रॅकवर आधी हरेल ती ब्रेकमध्ये. माणूस धरून ४०० किलो शंभरच्या स्पीडवरून चाळीसवर आणायचे म्हणजे जवळजवळ १३० किलोज्यूल उष्णता, प्रत्येक मोठ्या वळणाआधी, लॅपमागून लॅप, आणि क्रूझरच्या डिस्कला गार व्हायला सवडच मिळत नाही. डॉट ४ फ्लुइड (ब्रेक ऑईलचा एक प्रकार) नवीन असताना २३० अंशाला तरी उकळत नाही, पाणी शोषलेलं असेल तर १५५ ला उकळू शकतं, आणि मुंबईच्या हवेत ते पाणी शोषणारच. उकळलं की लिव्हर मुठीपर्यंत येतं आणि गाडी थांबत नाही. दोन वर्षांनी फ्लुइड बदला असं आम्ही म्हणतो ते बिल वाढवायला म्हणतो असं काहींना वाटतं, त्यांनी आमच्याकडच्या बाटलीतलं जुनं फ्लुइड येऊन बघावं, चहासारखं दिसतं. जुन्या हार्लेमध्ये डॉट ५ असायचं, ते सिलिकॉनचं, डॉट ४ मध्ये मिसळायचं नाही, झाकणावर काय लिहिलंय ते वाचूनच भरा.

पहिल्या ट्रॅक डेला तुमचं गुडघा टेकवायचं स्वप्न असेल तर ते भाड्याच्या छोट्या गाडीवर पुरं करा. आपल्या गाडीवर एकच शिका, ब्रेक कुठे सोडायचा आणि रेस कुठून उघडायची. वळणातून बाहेर पडताना हा टॉर्क जो ढकलतो, मागे कोणीतरी हात लावून पुढे सारावं तसं, ते सुख चार सिलिंडरवाल्याला एवढ्या कमी आरपीएमला मिळत नाही.

ट्रॅकला जाणार असाल तर पंधरा दिवस आधी सांगा. पॅड मागवावे लागतात, टायरची तारीख बघायची असते, आणि फूटबोर्ड खालून किती खरवडलाय ते आम्हाला बघू दे. रविवारी बंद, बाकी सकाळी दहापासून. दुपारी फोन करू नका, जेवतो.