बाटलीतला तुकडा: अवघड निदानामागचा इतिहास आणि खानदेशातली वाट

मानेत गाठ, संध्याकाळचा ताप, उतरलेले वजन. शहाद्यापासून रावेरपर्यंत असा रुग्ण आला की पहिला संशय क्षयाचा येतो, आणि पुष्कळदा तो खराही ठरतो. पण हाताला तशीच लागणारी गाठ लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची असू शकते. गालात किंवा जिभेवर झालेला तंबाखूचा कॅन्सर मानेत उतरलेला असू शकतो. १९७२ मध्ये जपानमध्ये प्रथम वर्णन झालेला किकुची नावाचा आजारही असू शकतो, जो बहुतेकदा आपोआप बरा होतो. एकाला सहा महिन्यांच्या गोळ्या, दुसऱ्याला किमोथेरपी, तिसऱ्याला ऑपरेशन आणि चौथ्याला बहुधा फक्त तापाची गोळी आणि धीर. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन गाठ कुठे आहे, केवढी आहे ते सांगतात. ती कशाची आहे हे सांगायला तिचा तुकडाच काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो.

हे ज्ञान एका दिवसात आलेले नाही. १७६१ मध्ये इटलीतल्या पादुआच्या मॉर्गान्यी यांनी शेकडो शवविच्छेदनांच्या आधारे दाखवून दिले की आजार शरीरभर तरंगत नसतो, एखाद्या अवयवात घर करून असतो. पुढे पॅरिसच्या बिशा यांनी अवयवांच्याही आत जाऊन ऊतींचे, म्हणजे अवयव ज्यांचे बनतात त्या पेशीसमूहांचे, प्रकार पाडले, तेही सूक्ष्मदर्शक न वापरता. १८५८ मध्ये बर्लिनच्या रुडॉल्फ विर्शो यांनी आजाराचा पत्ता थेट पेशीपर्यंत नेला. तोवर बहुतेक निदाने मेल्यानंतर व्हायची. जिवंत माणसाचा तुकडा काढून पाहण्याला ‘बायोप्सी’ हे नाव फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ एर्नेस्त बेनिये यांनी १८७९ मध्ये दिले.

या पद्धतीची पहिली मोठी परीक्षा झाली ती १८८७ मध्ये. जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांचा आवाज बसला होता. ब्रिटिश डॉक्टर मॅकेन्झी यांनी स्वरयंत्रातून बारीक तुकडे काढले आणि ते खुद्द विर्शो यांनी तपासले. कॅन्सर दिसला नाही. या तुकड्यांवरून संपूर्ण आजाराबद्दल सांगता येणार नाही, असेही विर्शो यांनी लिहिले होते, पण त्या ओळीकडे दुर्लक्ष झाले. ऑपरेशन टळले, आणि १८८८ च्या जूनमध्ये, सम्राट होऊन ९९ दिवस झाले असताना, फ्रेडरिक कॅन्सरने वारले. जगातला सर्वात जाणता पॅथॉलॉजिस्टसुद्धा (तुकडे तपासणारा डॉक्टर) त्याच्यापुढे ठेवलेल्या तुकड्यापलीकडचे पाहू शकत नाही. ‘कॅन्सर आढळला नाही’ याचा अर्थ ‘कॅन्सर नाही’ असा होत नाही. रुग्णाची लक्षणे आणि रिपोर्ट जुळत नसतील तर पुन्हा तुकडा घ्यावा लागतो. त्यात कुणाचा कमीपणा नाही.

तुकडा काढणे जमले, पण तो टिकवायचा कसा? शरीरातून सुटलेली ऊती लगेच स्वतःच्याच रसांनी विरघळू लागते. १८९३ मध्ये फ्रँकफुर्टचे फर्डिनांड ब्लूम जंतुनाशक म्हणून फॉर्मॅल्डिहाइडचे प्रयोग करत होते. त्यांच्या लक्षात आले की आपल्याच बोटांची कातडी ताठ होते आहे. जे कातडीला होते ते अवयवाच्या तुकड्यालाही होणार, हे त्यांनी ओळखले. तेव्हापासून जगभरच्या बाटल्यांत फॉर्मॅलिन, म्हणजे फॉर्मॅल्डिहाइडचे पाण्यातले द्रावण आहे.

पेशी नीट दिसाव्यात म्हणून तुकड्याला लावायच्या रंगांची गोष्ट त्याहून जुनी. हेमॅटॉक्सिलिन हा रंग मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून निघतो. नुसता लावला तर धरत नाही. १८६५ मध्ये बोमर यांनी त्यात तुरटी मिसळली आणि रंग पेशीच्या केंद्रकावर पक्का बसला. कापडाला रंग देताना तुरटीचा तोच उपयोग होतो. त्याला पुढे इओसिनच्या गुलाबीची जोड मिळाली. जांभळट केंद्रक आणि गुलाबी पेशीद्रव्य, या दोन रंगांत आजही बहुतेक निदाने होतात.

आता खानदेशातली वाट. धुळ्यात ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले, जळगावात २०१८ मध्ये आणि नंदुरबारला त्यानंतर. महाविद्यालय म्हटले की पॅथॉलॉजी विभाग आलाच. तरीही धडगावात किंवा अक्कलकुव्याच्या डोंगराळ भागात काढलेला तुकडा आधी घाट उतरतो, मग एसटीने किंवा कुरियरने पुढे जातो. काही नमुने नाशिक-मुंबईला, काही सुरतेला. अवघड केस बिघडते ती बहुतेकदा याच वाटेवर.

सर्वात नेहमीची चूक म्हणजे सलाइन. ऑपरेशन थिएटरमध्ये हाताशी सलाइनच असते, तुकडा त्यात टाकला जातो, आणि मे महिन्यात पारा ४३-४४ वर असताना बाटली दिवसभर कुठेतरी पडून राहते. संध्याकाळी पोचते तेव्हा पेशींची केंद्रके पुसट झालेली असतात. नंतर घातलेले फॉर्मॅलिन हा बिघाड थांबवते, भरून काढत नाही. दुसरी चूक इंजेक्शनच्या अरुंद तोंडाच्या बाटलीची. मऊ तुकडा आत सहज जातो, दुसऱ्या दिवशी कडक होऊन बाहेर येत नाही, आणि बाटली फोडायची वेळ येते. रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची प्लास्टिक बरणी हवी. नाव-तारीख झाकणावर नव्हे, बरणीच्या अंगावर लिहायची, कारण टेबलावर चार झाकणे उघडी असतात तेव्हा ती अदलाबदल होतात.

द्रावण १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिन असावे. १ लिटर करायचे तर बाजारातले फॉर्मॅलिन १०० मिली, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. बफर नसेल तर द्रावण आम्लधर्मी होते आणि स्लाइडवर तपकिरी कण पडतात. तुकड्याच्या किमान दहापट द्रावण हवे. फॉर्मॅलिन सुरुवातीला तासाला सुमारे १ मिलिमीटर आत शिरते, पुढे वेग मंदावतो. त्यामुळे स्तनाचा अख्खा नमुना न कापता बुडवला तर बाहेरून कडक दिसतो आणि आत कुजतो. कडांना शाई लावून दर सेंटिमीटरला चिरा द्याव्या लागतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हार्मोन रिसेप्टर आणि हर-२ (कोणते औषध लागू पडेल हे सांगणारी पेशींवरची प्रथिने) तपासायचे असेल तर तुकडा तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये जावा आणि ६ ते ७२ तासांत बाहेर निघावा. हे वेळापत्रक चुकले तर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो, आणि रुग्णाचे हक्काचे औषध चुकते.

पण सगळेच फॉर्मॅलिनमध्ये टाकायचे नसते. क्षयाचा संशय असेल तर गाठीचा एक भाग निर्जंतुक सलाइनमध्ये, कल्चर (जंतू वाढवून पाहणे) आणि सीबीनॅट (क्षयजंतूचे जनुक शोधणारी चाचणी) यांसाठी. फॉर्मॅलिनने जंतू मरतात, मग कल्चर कशाचे करणार? किडनीच्या बायोप्सीला तर दोन-तीन वेगवेगळी द्रावणे लागतात, आणि ती आधीच मागवून ठेवावी लागतात.

तोंडाच्या कॅन्सरचा इतिहास आपल्या भागाला जवळचा आहे. मुंबईत १९४१ मध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४४ मध्ये तोंडाच्या कॅन्सरच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. सुपारीने तोंड आखडण्याच्या आजाराचे वर्णन मुंबईत १९५३ मध्ये जोशी यांनी केले. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी मिश्री, तंबाखू-चुना आणि सुपारी घरोघरी आहेत. तीन बोटे उभी तोंडात जात नाहीत, पांढरा चट्टा आहे, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम आहे, तर तुकडा घेण्यात उशीर नको. जागा मात्र पाहून घ्यावी. जखमेच्या मधोमध पू आणि मेलेल्या पेशीच मिळतात. कडेचा, थोडी निरोगी त्वचा घेऊन, पुरेसा खोल तुकडा हवा. पांढऱ्या चट्ट्यात लाल भाग असेल तर आधी तो. कॉटरीने (विजेवर तापणाऱ्या हत्याराने) जाळून किंवा चिमट्याने चुरडून काढलेला तुकडा वाचता येत नाही.

मानेच्या गाठीकडे परत येऊ. सुईची तपासणी १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या मार्टिन आणि एलिस यांनी नावारूपाला आणली. ती स्वस्त आहे, ओपीडीत होते, आणि क्षय किंवा पसरलेला कॅन्सर यांत पुष्कळदा पुरते. पण सुईत सुट्या पेशी येतात, त्यांची रचना येत नाही. लिम्फोमात रचनाच बोलते, म्हणून तिथे जमल्यास अख्खी गाठ काढावी, आणि हाताशी सोपी आहे ती नव्हे, सर्वात मोठी. आधी स्टेरॉइड सुरू केले असेल तर गाठ बसते आणि पुरावाही जातो. अंदाजाने क्षयाच्या गोळ्या सुरू करून, दोन महिने फरक नसतानाही त्याच चालू ठेवणे रुग्णाला फार महागात पडते.

स्लाइडवर क्षयात पनीरासारखा चुरा, भोवती लांबट पेशींचे पुंजके आणि घोड्याच्या नालासारखी केंद्रके मांडलेल्या मोठ्या पेशी दिसतात. किकुचीत केंद्रकांची धूळ दिसते, पण पुवाच्या पेशी नसतात. कुष्ठरोगाचा जंतू क्षयाच्या नेहमीच्या रंगक्रियेत रंग सोडून देतो, त्याला फाइट रंग लागतो. हा संशय तुकड्यासोबत लॅबला पाठवायच्या अर्जावर लिहिलेला नसेल तर तो रंग लावायचे कुणाला सुचणार नाही. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारच्या अँटिबॉडी बनवायची रीत शोधली. तिच्यामुळे, रंगात सारख्या दिसणाऱ्या पेशींची जात आता इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने, म्हणजे ठरावीक प्रथिनालाच चिकटणाऱ्या अँटिबॉडी लावून, वेगळी करता येते.

‘तुकडा काढा का आजार पसरी जास’ ही भीती अहिराणी मुलखात घट्ट आहे. नेहमीच्या बायोप्सीने आजार पसरल्याचे फार क्वचित घडते, आणि तुकडा न घेण्याने होणारे नुकसान त्याहून कितीतरी मोठे. अपवाद आहेत, आणि ते डॉक्टरांना ठाऊक असतात. वृषणातल्या गाठीला बाहेरून सुई घालत नाहीत. यकृतातली पाण्याची गाठ कुत्र्या-मेंढ्यांच्या जंतामुळे झालेली असू शकते, म्हणून तयारीशिवाय टोचत नाहीत. ती फुटली तर जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते.

पुढच्या मतासाठी मुंबईला जायचे असेल तर नुसता रिपोर्ट पुरत नाही. लॅबकडून मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागून घ्याव्यात, नमुना क्रमांक जुळतो का ते तिथेच उभे राहून पाहावे. ज्या मेणात तुकडा बसवलेला असतो ते साधारण ५६ ते ६० अंशांना वितळते. उन्हात बंद गाडीच्या काचेखाली ब्लॉक ठेवू नये. पिशवीत, सावलीत, अंगाजवळ न्यावा.