पासवर्ड बरोबर, घड्याळ चूक

गणपतीच्या सुट्टीनंतर सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर सुरू केला, तर एकही साइट उघडेना. 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' एवढीच पाटी. अर्ध्या तासात ग्रुपवर मेसेज: 'बँकेची वेबसाइट हॅक झाली आहे, सर्वांनी ताबडतोब पासवर्ड बदला.' पुण्यात कमिटीच्या मेसेजवर शंका घेण्याची पद्धत आहे, पण नेमकी अशा मेसेजवर कोणी घेत नाही. ती पाटी दिसते तेव्हा तुमचा पासवर्ड कॉम्प्युटरमधून बाहेरच पडलेला नसतो. मग तो बदलून काय होणार?

https ने सुरू होणाऱ्या साइटवर क्रम ठरलेला असतो. आधी ब्राउझर आणि सर्व्हर (साइट चालवणारा पलीकडचा कॉम्प्युटर) यांची ओळखपाळख. सर्व्हर आपलं सर्टिफिकेट दाखवतो आणि ब्राउझर ते तपासतो: नाव जुळतं का, सही भरवशाच्या संस्थेची आहे का, मुदत चालू आहे का. हे पटलं तरच सांकेतिक बोलणं सुरू होतं आणि पासवर्ड त्या बोलण्यातून जातो. त्यामुळे लॉगिन अडलं की पहिला प्रश्न एकच विचारायचा: 'नाही' कोण म्हणतंय? ब्राउझर म्हणत असेल तर भानगड सर्टिफिकेटची. सर्व्हर म्हणत असेल तर तो आकडा देतो. ४०१ म्हणजे 'तुमची ओळख पटली नाही', ४०३ म्हणजे साधारणपणे 'ओळख पटली, पण परवानगी नाही'. हे आकडे आले याचाच अर्थ सुरक्षित कनेक्शन व्यवस्थित जुळलं. ४०३ आल्यावर पासवर्ड दहा वेळा टाइप करणं हा निव्वळ व्यायाम आहे.

आता त्या मुदतीकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. सर्टिफिकेटवर दोन तारखा असतात, कधीपासून आणि कधीपर्यंत. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट सर्टिफिकेटं देते आणि सुरुवातीपासून त्यांची नेहमीची मुदत ९० दिवसांची राहिली आहे. या तारखा ब्राउझर ताडून बघतो त्या तुमच्याच यंत्राच्या घड्याळाशी. कॉम्प्युटर बंद असताना ते घड्याळ मदरबोर्डवरच्या सीआर २०३२ या चपट्या सेलवर चालतं. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तो किरकोळ पैशांत मिळतो. सेल संपला, वीज गेली, की तारीख काही वर्षं मागे जाते आणि आजची सगळी सर्टिफिकेटं यंत्राच्या लेखी अजून जन्मालाच आलेली नसतात. एकच साइट अडली तर दोष बहुधा तिकडचा; सगळ्याच अडल्या तर आधी स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख बघा.

घड्याळ बरोबर असूनही मुदतीपायी गाडी अडू शकते. ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतलं डीएसटी रूट सीए एक्स ३ हे जुनं मूळ सर्टिफिकेट (ज्याच्या भरवशावर बाकीच्या सह्या मानल्या जातात ते) संपलं, आणि नवं मूळ ज्यांच्या भरवशाच्या यादीत नव्हतं अशी कितीतरी जुनी यंत्रं एका दिवसात अडली. तिथे उपाय अपडेटचा होता.

पण चूक वर्षांची नसून तासांची असेल तर? मग सर्टिफिकेट बिनतक्रार पास होतं, कारण त्याची मापं दिवसांची आहेत. अडतं ते पुढे. समजा, कोणी दुबईहून परत आलं. फोनमध्ये वेळ आपोआप घेण्याची सोय बंद होती, म्हणून त्याने घड्याळ हाताने दीड तास पुढे केलं. टाइम झोन मात्र दुबईचाच राहिला. स्क्रीनवर वेळ अगदी बरोबर, ऑथेंटिकेटर ॲपमधला, पासवर्डनंतर टाकायचा सहा आकडी कोड मात्र सर्व्हर घेत नाही. (एसएमएसने येणारा ओटीपी वेगळा. तो सर्व्हरच बनवून पाठवतो, तुमच्या घड्याळाला कोणी विचारत नाही.)

हा कोड फोन नेट नसतानाही बनवतो, ही मला अत्यंत देखणी युक्ती वाटते. सुरुवातीला आपण क्यूआर कोड स्कॅन करतो, तेव्हा एक गुप्त किल्ली फोनमध्ये येते. तीच सर्व्हरकडेही असते. मग दोघेही १ जानेवारी १९७० पासून, ग्रीनिचच्या वेळेने, किती सेकंद झाले ते मोजतात आणि ३० ने भागतात. १ जानेवारी २०२६ ला आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले तेव्हा हा भागाकार ५,८९,०७,५२० होता. किल्ली आणि हा क्रमांक एचमॅक नावाच्या गणिती चरकातून पिळले की २० बाइट बाहेर पडतात (बाइट म्हणजे आठ बिट, बिट म्हणजे एक ० किंवा १). शेवटच्या बाइटचे शेवटचे चार बिट ० ते १५ मधली एक जागा दाखवतात. त्या जागेपासून चार बाइट उचलायचे, सगळ्यात वरचा बिट टाकून द्यायचा, उरलेल्या संख्येचे शेवटचे सहा अंक घ्यायचे. झाला कोड. या पद्धतीच्या जाहीर दस्तऐवजात नमुन्याची एक किल्ली दिली आहे. तिच्यासाठी क्रमांक १ ला २८७०८२ येतो आणि क्रमांक २ ला ३५९१५२. शेजारी असून नातं काही नाही, त्यामुळे एक कोड बघून पुढचा ताडता येत नाही.

फोनच्या हिशेबात टाइम झोन वजा होतो. झोन दुबईचा आणि काटे भारताचे, म्हणजे ग्रीनिचची वेळ ५,४०० सेकंद पुढे, म्हणजे १८० क्रमांक पुढे. सर्व्हर सहसा एखादा क्रमांक मागेपुढे चालवून घेतो, १८० कुठून घेणार? गेममध्ये लाइफ लवकर मिळावी म्हणून मुलांनी फोनचं घड्याळ पुढे केलं तरी हेच होतं. प्रत्येक यंत्रणेची सहनशक्ती वेगळी. ऑफिसांतल्या कर्बेरॉस या लॉगिन पद्धतीला नेहमीच्या सेटिंगमध्ये पाच मिनिटं चालतात, ॲमेझॉनच्या एस ३ या ऑनलाइन साठवणीला पंधरा. चूक किती मोठी आहे, त्यावर कोण 'नाही' म्हणणार ते ठरतं.

जाहिरातींतल्या 'लष्करी दर्जाच्या एन्क्रिप्शन'ने यातलं काही सुटत नाही. तेच गणित तुमच्या साध्या ब्राउझरमध्येही असतं. आणि कुलपाचं चिन्ह म्हणजे साइट प्रामाणिक, हाही भ्रमच. फसव्या साइटलाही सर्टिफिकेट मिळतं. क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह पत्त्याच्या पट्टीतून काढलं ते याच गैरसमजामुळे. खंडेनवमीला सर्व्हरला हळदकुंकू जरूर वाहा, फक्त जाता जाता त्याची तारीखही बघा.

उपाय सोपा आहे: आधी टाइम झोन 'कोलकाता' आहे ना ते बघायचं, मग वेळ आपोआप घेण्याची सोय चालू करायची. ऑफिसात तरीही जमलं नाही तर नेटवर्कवाल्याला विचारा की यूडीपीचा १२३ क्रमांकाचा पोर्ट बंद केलाय का, कारण वेळ पुरवणारी एनटीपी ही व्यवस्था तिथून चालते. तिची सुरक्षित आवृत्ती २०२० मध्ये प्रमाणित झाली, आणि त्यात एक गमतीशीर पेच आहे. बरोबर वेळ सुरक्षितपणे मागायची तर वेळ देणाऱ्या सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासायला हवं, आणि ते तपासायला बरोबर वेळ हवी. त्यामुळे पहिल्या खेपेला यंत्राला कुठल्यातरी अंदाजे वेळेवर विश्वास ठेवूनच सुरुवात करावी लागते.