कृतीतून विज्ञान : स्वच्छ ऊर्जेचे शालेय प्रकल्प (ठाणे व नवी मुंबई)

सौर पॅनेल, सौर चूल, बायोगॅस, खतकुंडी, गच्चीवरचे पावसाचे पाणी अशा गोष्टी विद्यार्थ्यांनी स्वतः बांधायच्या, चालवायच्या आणि मोजायच्या; त्या ओघात विज्ञानाच्या संकल्पना शिकायच्या, अशी ही अध्यापनपद्धत. प्रदर्शनापुरती मांडलेली थर्मोकोलची पवनचक्की तिच्यात बसत नाही. मोजून येणारा आकडा आधी कोणालाच ठाऊक नसतो, तिथून प्रकल्प सुरू होतो.

महाराष्ट्रात या विचाराची मुळे जुनी आहेत. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी ‘नई तालीम’, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण, मांडली. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन करून हाताने काम करत शिकण्याला तंत्रज्ञानाची जोड दिली. राज्याच्या दहावीच्या विज्ञानात ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ हा पाठ आहे. तो फळ्यावर उरकण्यापेक्षा गच्चीवर शिकवणे कितीतरी फलदायी ठरते.

त्यासाठी १० वॉटचे ३६ घटांचे (सेलचे) सौर पॅनेल, व्होल्टेज व विद्युतधारा मोजणारा मल्टिमीटर आणि एक ओले फडके पुरते. ऊन कडक असले, पॅनेल तापले की व्होल्टेज वाढणार, असा मुलांचा अंदाज असतो. प्रत्यक्षात दुपारी तापलेल्या पॅनेलच्या पाठीला ओले फडके लावले की व्होल्टेज उलट चढते; पॅनेल १५ अंशांनी निवले तर सुमारे एका व्होल्टने. सिलिकॉनच्या घटाचे व्होल्टेज तापमानाच्या दर वाढत्या अंशामागे साधारण २ मिलिव्होल्टने घसरते, आणि ३६ घट एकसरीत (एकापुढे एक) जोडलेले असल्याने ती घसरण जमा होत जाते. वीज प्रकाशाने होते, उष्णतेने नव्हे, हे मुलाला त्या क्षणी उमगते. मग पॅनेलला छोटा पंखा जोडून एकाच घटावर तळहात ठेवावा. पंखा मंदावतो किंवा थांबतोच. एकसर जोडणी समजावायला याहून चांगला प्रयोग नाही.

ठाणे सुमारे १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून वर्षभराचा विचार करता पॅनेल दक्षिणेकडे साधारण तितक्याच अंशांनी कलते ठेवतात. सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते तो शून्य सावलीचा दिवस मात्र शाळेला सहसा साधत नाही : मेच्या मध्यास सुट्टी असते आणि जुलैअखेरीस आभाळ भरलेले.

बायोगॅसला चिकाटी लागते. २० लिटरच्या बरणीत शेणकाला घालून उरलेला भात थोडा थोडा देत जायचे. पहिले काही दिवस येणारा वायू पेटत नाही आणि मुले हिरमुसतात. त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. पेटणारा वायू म्हणजे मिथेन; तो तयार करणारे सूक्ष्मजीव सावकाश वाढतात. घाईने जास्त भात घातला तर मिश्रण आंबते, लिटमस लाल होतो, वायू थांबतो. ही फसगत टाळू नये, कारण आम्ल, सूक्ष्मजीव आणि अन्नाचे प्रमाण यांचा संबंध तिथेच कळतो. (ज्योत मात्र शिक्षकांनीच, मोकळ्या हवेत लावावी.) खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ संयंत्रात ओला कचरा आधी हवेच्या सान्निध्यात कुजवतात आणि मग हवाबंद टाकीत सोडतात; बरणी सांभाळलेल्या मुलांना हे दोन टप्पे का, ते चटकन समजते.

पावसाचे गणित सोपे आहे. एक चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. वर्षाला सुमारे २,५०० मिमी पाऊस धरला तर १०० चौरस मीटरच्या गच्चीवर अडीच लाख लिटर पडते.

ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्ट्यालगतच्या शाळांनी धुळीचा प्रयोग जरूर करावा. सारखी दोन पॅनेल शेजारी ठेवून एक रोज पुसायचे, दुसऱ्याला हात लावायचा नाही. दोन्हींची विद्युतधारा रोज एकाच वेळी नोंदवायची, दिवाळीपासून मार्चपर्यंत.